गाडी मागून बघणारे धोंडजी हवालदार

धोंडजी हवालदारांना कुठलीही वस्तू आधी मागून बघायची सवय होती. मी कोर्टात नोकरीला लागलो आणि पहिला काळा अल्पाकाचा कोट शिवून घेतला, तेव्हा चाळीतल्या सगळ्यांनी तो समोरून पाहिला आणि बरा आहे म्हणाले. हवालदारांनी मात्र मला दंडाला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पाठीवरची शिवण बोटांनी चाचपली आणि मग निकाल दिला, "बरो आसा. पुढून काय अण्णानू, सगळेच बरे दिसतत. माणूस निघान गेलो की लोकांका पाठच दिसता." त्यांच्या बायकोने, रखमावैनींनी, एकदा हौसेने देवाची तसबीर आणली. तीसुद्धा त्यांनी आधी उलटी केली, मागचा पुठ्ठा दाबून पाहिला, दोन चुका ठोकल्या आणि मगच देवाला नमस्कार केला.

ही खोड त्यांना नोकरीने लावली होती. मोटारी यायच्या आधीची गोष्ट. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. गिरगावात तेव्हा घोड्यांची ट्राम होती, बैलांचे खटारे होते आणि भाड्याने मिळणाऱ्या व्हिक्टोरिया होत्या. भाड्याच्या प्रत्येक गाडीला आणि खटाऱ्याला मागे नंबर रंगवलेला पत्रा लावावा लागे, आणि तो नंबर लोकांना वाचता आला पाहिजे असा कायदा होता. कायदा सगळ्यांना माहीत होता. तो मनावर घेतलेला माणूस मला सबंध मुंबईत एकच ठाऊक आहे, आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. मी पोलीस कोर्टात कारकून. त्यामुळे हवालदार मला दोन्हीकडे दिसत. घरी पंचा नेसून पाटावर बसलेले, आणि कोर्टात निळा डगला, पिवळी पगडी घालून साक्षीला उभे राहिलेले. बोलण्याचा विषय दोन्हीकडे एकच असे.

माणूस मूळचा मालवणकडचा. बेताची उंची, रुंद छाती, आणि मिशा अशा की जेवायला बसले म्हणजे रखमावैनी आमटीची वाटी जरा लांबच ठेवत. आवाज एवढा मोठा की त्यांनी आपल्या खोलीत "पाणी दी" म्हटलं तर आमच्या खोलीत माझी बायको तांब्या उचले. गाडी थांबवायची तर हात वर करायची त्यांना गरजच पडत नसे. "होऽऽ" एवढंच म्हणत. घोडे आधी थांबत, गाडीवान मागाहून.

कमरेच्या पट्ट्यात दंडुक्याच्या शेजारी एक ओला फडका खोचलेला असे. वैनींच्या जुन्या लुगड्याचा. गाडी थांबली की हवालदार सावकाश तिच्या मागे जात. पत्र्यावर मातीचा, काजळीचा नाहीतर वंगणाचा थर असे. त्यावर बोट ठेवून ते विचारत, "ह्यां काय आसा?"

"नंबर आहे, हवालदार."

"वाच."

गाडीवान डोकं खाजवे. मग फडका बाहेर निघे, पत्रा पुसला जाई, आणि दडलेले आकडे एकेक करून वर येत. "टू! सेवन! फोर!" दरबारात राजाचं आगमन पुकारावं तसे ते पुकारत. आजूबाजूची दुकानं बाहेर येऊन बघत. शेवटी गाडीवानाकडे वळून विचारत, "आता कसां?" त्यांचं हे "आता कसां" आमच्या चाळीत इतकं रुळलं की मुलं नळावर तोंड धुवून आली म्हणजे आया त्यांची हनुवटी धरून तेच विचारत. समन्स मात्र चुकत नसे. नंबर पुसल्यावर दिसला, म्हणजे आधी दिसत नव्हता, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

लोक हसत. मीही हसत होतो. एकदा गॅलरीत बसलो असताना मी त्यांना म्हटलं, "हवालदार, शहरात चोऱ्या होतात, मारामाऱ्या होतात. तुम्हाला पत्र्यांचाच एवढा राग का?"

त्यांनी मिशीला एक ओढ दिली. मग त्यांनी भागू माळिणीची हकीकत सांगितली.

भागू ठाकुरद्वाराच्या कोपऱ्यावर फुलांची पाटी घेऊन बसायची. म्हातारी, तोंडाने फटकळ, हवालदारांना रोज ऐकवायची की तुझी मिशी विकत दे, गजरा करते. एका दुपारी एक व्हिक्टोरिया ट्रामच्या पुढे जायच्या घाईत कोपरा कापून वळली आणि तिचं चाक भागूच्या पायावरून गेलं. गाडीवानाने मागे वळूनही पाहिलं नाही. उलट चाबूक ओढला. हवालदार वीस पावलांवर होते. ते धावले.

"धावलंय म्हणजे कसां?" ते मला म्हणाले. "पगडी पडली ती तशीच टाकलंय. चर्नी रोडच्या बाजूक गाडी जरा अडाकली. माझो हात टपाक लागलो अण्णानू. ह्यो हात. आणि समोर तो पत्रो. डोळ्यांसमोर, ह्या एवढ्या अंतरार. डांबर फासलेलो. एक आकडो दिसात तर शप्पथ. मगे घोडो सुटलो."

"सापडला नाही?"

"खंय सापडतलो? साहेबान विचारल्यान, नंबर काय? मी म्हटलंय, काळो."

भागू वाचली, पण पाय गेला. भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. तिच्या जागेवर पुढे लिंबू विकणारा बसू लागला. हवालदार त्या कोपऱ्यावरून जाताना लिंबूवाल्याशी कधी बोलत नसत. त्या बिचाऱ्याला वाटे, आपण जागा अडवली म्हणून हवालदाराचा राग आहे. तो रोज उठून सलाम करी. त्याला खरं कारण कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर मी हसणं सोडलं असं म्हणवत नाही, कारण पुढे जे घडत गेलं ते हसण्यासारखंच होतं. पण हसता हसता मला तो डांबराचा पत्रा दिसायचा.

गाडीवान काही भोळे नव्हते. उतारू जास्त भरले, भाडं नाकारलं, कुणाला शिवी दिली, तर तक्रार करायला नंबर लागतो. नंबर नसला की गाडी कुणाचीच नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापली युक्ती काढली होती. कुणी मागे गवताची पेंढी लोंबती ठेवी. कुणी घोड्याचा तोबरा नेमका पत्र्यावर टांगून ठेवी. ते पाहून हवालदार विचारत, "काय रे, तुझी गाडी मागच्या बाजून चणे खाता काय?"

या सगळ्यांचा म्होरक्या कासमभाई. सडपातळ, पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया. त्याचा घोडा म्हातारा होता आणि जीभ तरुण. आमच्या नाक्यावरच्या दवाखान्याच्या दारातच तो गाडी उभी करी, कारण आजाऱ्यांना गाडी लागतेच. त्यामुळे आत येणाऱ्या आजाऱ्यांना घोड्याच्या पोटाखालून वाट काढावी लागे. हवालदार रोज त्याला तिथून हलवत. तो रोज नाक्याला एक फेरी मारून परत येई. दोघांचं भांडण इतकं नेमाने चाले की ते नसलं तर दवाखान्याचा कंपाउंडर बाहेर येऊन चौकशी करी.

कासमभाई कोर्टात आला की आम्हा कारकुनांना बरं वाटे. कोर्ट म्हणजे रुक्ष काम, तेवढाच विरंगुळा. एकदा त्याने मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे अदबीने हात जोडले आणि सांगितलं, "हुजूर, मी रोज पत्रा पुसतो. पण घोडा शेपटी मारतो, सगळा चिखल नंबरावर उडतो. जनावराला कसं समजावणार?"

मॅजिस्ट्रेट गोरे होते, पण बरीच वर्षं इथे काढल्यामुळे मराठी समजे. त्यांनी हवालदारांकडे पाहिलं.

"साहेब," हवालदार म्हणाले, "घोडो पुढे आसा. पत्रो मागे आसा. मधी ह्यो कासम बसता. शेपटी जर पत्र्यापर्यंत जाता, तर ह्याच्या तोंडाक कसो चिखल लागणा नाय?"

सगळं कोर्ट कासमभाईच्या पांढऱ्याशुभ्र दाढीकडे बघू लागलं. कासमभाईने दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हुजूर, दंड भरतो."

पण गाजली ती पुढची केस. गाडीवानांनी मिळून एक वकील दिला. तरुण, नुकताच सनद घेतलेला, बोलण्यात चटपटीत. पुरावा म्हणून कासमभाईचाच पत्रा या वेळी न पुसता काढून कोर्टात आणला होता. वकिलाने तो हातात घेतला, उंच धरला आणि म्हणाला, "महाराज, नंबर अस्पष्ट आहे हा नुसता आरोप आहे. सर्वसाधारण नजरेच्या माणसाला हा सहज वाचता येतो. मीच वाचून दाखवतो. आठशे एकसष्ट."

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा लावला. "मला तर तीनशे एकसष्ट दिसतो."

शिरस्तेदार वयस्कर, चाळीस वर्षांच्या नोकरीचा अभिमान बाळगणारे. त्यांना राहवलं नाही. "साहेब, माफी असावी. शेवटचा आकडा सात आहे."

वकील शिरस्तेदारांना म्हणाले, एक आहे. शिरस्तेदार वकिलांना म्हणाले, मी तुमच्या वडिलांच्या वेळेपासून आकडे वाचतोय. पत्रा माझ्याकडे आला. मला मधला आकडा शून्य वाटला, पण माझी नोकरी नवी होती. मी म्हटलं, मला नीट दिसत नाही. अखेर मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "हवालदार, तुम्ही काय वाचलंत?"

हवालदार ताठ उभे होते. "माका कायच वाचूक येणा नाय, साहेब. म्हणान तर धरलंय."

मॅजिस्ट्रेट खुर्चीत मागे टेकले आणि हसू लागले. ते हसतात हे कोर्टाला त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी कासमभाईलाच विचारलं, खरा नंबर काय? कासमभाई म्हणाला, "हुजूर, तीन पिढ्यांची शपथ, मलाच आता शंका यायला लागली आहे."

हवालदारांचा प्रत्येक वेळी असा विजय होई असं मात्र नाही. वरळीच्या एका कोळणीने त्यांना भर रस्त्यात धुवून काढलं, आणि हे मी अक्षरशः सांगतोय. तिचं नाव हिराबाई. तिचा स्वतःचा खटारा होता. वरळीहून बोंबलाच्या पाट्या भरून ती बाजाराला निघालेली. पत्र्यावर मासळीचं पाणी आणि खवले यांचा असा थर की नंबर होता की नव्हता तेच कळेना. हवालदारांनी "होऽऽ" केलं. बैल थांबले. हिराबाई खटाऱ्यावरच उभी राहिली, लुगडं खोचून.

"काय रं? कशापायी थांबवलंस? मासली नासतंय माजी!"

"नंबर दिसणा नाय, बाय. पत्रो पुसूक व्हयो."

"पुस ना मंग! तुजा फडका काय शोभंला हाय?"

हवालदार पुसू लागले. पण खवले वाळून घट्ट बसलेले. ते फडक्याने निघेनात. हवालदार नखाने खरवडू लागले. वर ऊन, पुढ्यात बोंबील. हिराबाईचा धीर सुटला. तिने एका पाटीखालचं मासळीचं पाणी भरलेलं पिंप कवटाळलं आणि मागे ओतलं. सगळं. पत्रा लख्ख झाला, आणि त्याच्यासमोर वाकलेले हवालदारही.

"आता दिसतंय?" हिराबाईने विचारलं.

मिशांच्या टोकांवरून पाणी गळत होतं. पगडीवर एक छोटा बोंबील अडकला होता. रस्ता थांबून बघत होता, कारण सरकारी अंगरख्यावर पाणी टाकणं ही साधी गोष्ट नव्हती. हवालदारांनी डोळे पुसले, वाकले, आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, "वन! नाइन! फाइव्ह!" मग सरळ होऊन म्हणाले, "दिसता. जा."

तिच्यावर त्यांनी केस केली नाही. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "तिच्या मनात नंबर झाकूचो नव्हतो मां. तिचो धंदोच तसो. झाकणारो वेगळो." तेवढ्यात वैनींनी आतून सांगितलं, की हे असले विचार नळाखाली बसून करावेत. नाक्यापासून चाळीपर्यंत त्यांच्यामागे मांजरांची रांग आली होती आणि त्यातली दोन पुढे आमच्याच मजल्यावर राहिली.

मग त्यांच्या मुलीचं, सुभद्रेचं लग्न ठरलं. लालबागचं स्थळ. मुलगा गिरणीत साच्यावर, शांत, कमी बोलणारा. हवालदार खूश होते. मुलाला पहिल्या भेटीतच पाठमोरं उभं करून बघितलं होतं आणि पसंत केलं होतं. चाळीच्या चौकात मांडव पडला. आम्ही सगळे धावपळ करत होतो. मुहूर्ताच्या आधी वरात आली, वाजंत्री वाजू लागली. नवरा मुलगा व्हिक्टोरियात बसून आला होता. गाडी झेंडूच्या माळांनी इतकी मढवलेली की चाकंसुद्धा पिवळी दिसत होती. पुढे गाडीवानाच्या जागेवर नवा फेटा बांधून बसला होता कासमभाई. लालबागच्या मंडळींनी चांगली गाडी म्हणून भाड्याने घेतलेली. त्यांना बिचाऱ्यांना इथला इतिहास काय ठाऊक.

हवालदार पंचारती घेतलेल्या बायकांच्या पुढे, रेशमी फेटा बांधून स्वागताला उभे होते. गाडी थांबली. व्याही हात पसरून उतरले. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, हात जोडले, आणि त्यांना वळसा घालून गाडीच्या मागे गेले.



मागून आवाज आला, "नंबर खंय आसा?"

वाजंत्री थांबली. कासमभाई वरून ओरडला, "अल्लाकसम, मी नाही लावल्या माळा! वरमाईने लावल्या!"

नवऱ्या मुलाचा मामा तापट. "हा काय प्रकार? मुलीचा बाप आहे की पोलीस? अपमान करायला बोलावलंत का? चला रे, वरात मागे फिरवा!" आमच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, फिरवा बघू. भटजी मांडवातून अंतरपाट हातात घेऊन धावत आले, वेळ टळतेय म्हणू लागले. वैनी तबक घेऊन पुढे आल्या. त्या हवालदारांना एवढंच म्हणाल्या, "आजचो दिस?" हवालदारांचा चेहरा मला दिसत होता. चेहऱ्यावर हट्ट नव्हता, नुसती अडचण होती. नंबर न बघता पुढे जाणं त्या माणसाला येतच नव्हतं.

तेव्हा नवरा मुलगा गाडीतून उतरला. मुंडावळ्या सावरत मागे गेला, पत्र्यावरची जाड माळ दोन्ही हातांनी काढली आणि ती हवालदारांच्या गळ्यात घातली. "मामांनू," तो सासऱ्यांना म्हणाला, "आता बघा."

पत्रा लख्ख होता. नवा रंग दिला होता. हवालदार बघतच राहिले. मग त्यांनी नंबर पुकारला, पण आवाज मध्येच फाटला आणि शेवटचा आकडा कुणालाच ऐकू आला नाही. त्यांनी जावयाला मिठी मारली. नवऱ्या मुलाचा मामा चार घटका रुसून बसला आणि मग श्रीखंड वाढल्यावर उठला. कासमभाई माझ्याशेजारी पंगतीच्या कडेला उभा राहून म्हणाला, "बाबूजी, नंबर मी कालच रंगवला होता. मला ठाऊक होतं, हा माणूस मागे जाणार. वरमाईने घोटाळा केला."

पुढच्या वर्षी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. चाळी ओस पडल्या. माझी माणसं मी गावी पाठवली. ज्याला ताप येई त्याला इस्पितळात नेत, आणि तिथे नेलेला परत येत नाही असा लोकांचा समज झाला होता; त्यामुळे घरात आजारी असला की लोक त्याला लपवत, पहाटे गाडीत घालून शहराबाहेर काढत. अशा गाड्या धुवायला, जाळायला नेतात अशी अफवा होती. गाडीवानांनी पुन्हा पत्रे काळे केले. या वेळी भाड्यासाठी नव्हे, भीतीने.

ही गोष्ट मला कासमभाईनेच सांगितली, कोर्टाच्या व्हरांड्यात उकिडवा बसून. त्याच्या बायकोला ताप चढला. त्याने तिला गोधडीत गुंडाळलं, गाडीत आडवी घातली, टप खाली ओढला, पत्र्याला चुलीची काजळी फासली आणि उजाडायच्या वेळी भायखळ्याच्या रस्त्याने निघाला. दादरच्या पुढे त्याचा मेहुणा राहत होता. भायखळ्याला समोरून आवाज आला, "होऽऽ."

हवालदारांची त्या दिवसांत तिकडे नेमणूक होती. ते मागे गेले. काजळी बघितली. आतून कण्हण्याचा आवाज आला.

कासमभाई खाली उतरून त्यांच्या पायाशी बसला. "हवालदार, सगळ्या उमरेत एक मेहेरबानी मागतो. आज नंबर बघू नका."

हवालदारांनी पट्ट्यातला फडका काढला आणि पत्रा पुसायला सुरुवात केली. कासमभाई म्हणतो, त्या वेळी त्याला वाटलं की ह्या माणसाला आपण एवढी वर्षं ओळखतो हे खोटं होतं. तो रडू लागला. हवालदार पुसत राहिले. सगळी काजळी निघाल्यावर म्हणाले, "काळ्या पत्र्यान गेलंस तर दर नाक्यार अडवतले. जो अडवीत तो आत बघतलो. उघड्या नंबरान चल. इस्पितळात चल. मी पुढे आसंय."

"तिथून माणूस परत येत नाही, हवालदार."

"मी भायर बसतंय. परत घेवनच जाव या."

आणि ते घोड्याच्या पुढे चालू लागले. कासमभाईचा म्हातारा घोडा त्यांच्या चालीनेच चालला. नाक्यानाक्यावर शिपाई पुढे येत, हवालदारांना बघत, मागचा स्वच्छ नंबर बघत आणि बाजूला होत. कुणी टप उघडायला सांगितलं नाही. इस्पितळात डॉक्टरने तपासलं. गाठ नव्हती. साधा थंडीताप. औषध दिलं, घरी न्यायला सांगितलं. हवालदार ठरल्याप्रमाणे फाटकाबाहेर धोंड्यावर बसून होते. कासमभाईने त्यांचे हात धरले तर म्हणाले, "घोड्याक पाणी पाज आधी."

इथवर सांगून कासमभाई डोळे पुसू लागला. मी म्हटलं, "मग आज तू कोर्टात कशाला?"

त्याने खिशातून समन्स काढून माझ्यासमोर धरलं. नंबर काळा केल्याबद्दल. भायखळ्याचा रस्ता, पहाटेची वेळ. खाली हवालदारांची सही.

"काल घरी आणून दिलं," तो म्हणाला. "बायकोची तब्येत विचारली. बसून चहा घेतला. मग म्हणतो, बरी झाली मां? मगे आता ये कोर्टात."

त्या दिवशी कासमभाईने आयुष्यात पहिल्यांदा एकही सबब न सांगता गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटांना वाटलं त्याची तब्येत बरी नाही. त्यांनी दोनदा विचारलं.

दोन वर्षांनी हवालदारांना पेन्शन झाली. मालवणला भावाच्या घराशेजारी त्यांनी जागा केली होती. बोटीच्या दिवशी सकाळी चाळीच्या दारात कासमभाईची गाडी येऊन उभी राहिली. कुणी बोलावली होती की तोच आला, ठाऊक नाही. ट्रंक, वळकटी, पाटा-वरवंटा, सुभद्रेने दिलेल्या पापडांचा डबा, सगळं चढवलं. वैनी मागच्या गादीवर बसल्या. इतकी वर्षं मुंबईत काढून त्या व्हिक्टोरियात पहिल्यांदाच बसत होत्या, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. गादी हाताने दाबून बघत होत्या. हवालदार त्यांच्या शेजारी बसेनात. "सवय नाय," म्हणाले आणि वर कासमभाईच्या बाजूला चढले. अंगात साधा बंद गळ्याचा कोट, डोक्याला उपरणं. पगडीशिवाय त्यांचं डोकं फारच लहान दिसत होतं.

मी गॅलरीतून बघत होतो. गाडी नाक्यापर्यंत गेली आणि अडली. हातगाड्या, दोन खटारे, मागून ट्रामची घंटा, सगळे एकमेकांत घुसलेले. मला दिसलं, हवालदार खाली उतरले. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, छाती पुढे काढली आणि तो आवाज दिला. इथपर्यंत ऐकू आला. पण कोणी थांबलं नाही. कुणीतरी "ए बाबा, बाजू हो" म्हणालं. एक हातगाडी त्यांना घासून गेली. ते हात वर करून उभेच होते आणि रस्ता त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता.

वैनींनी टपाच्या आडून डोकं बाहेर काढलं. "अवो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी मोठा नव्हता; त्या दिवशी मात्र खालच्या रस्त्यावरून वर माझ्यापर्यंत आला. "ऱ्हवांदे आता. येवा. बसा हंय."

हवालदारांनी आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. तो खाली घेतला. मग परत आले, आणि वर न चढता मागे गेले. वैनींनी पापडांचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि सरकून त्यांना जागा करून दिली.